माझा आवडता लेख

शाळेत असताना ‘माझा आवडता पक्षी’ या विषयावर मी निबंध लिहिला होता. पक्षी अर्थातच मोर. तोपर्यंत मोर मी फक्त चित्रात पाहिला होता. तरीही त्याचा पिसारा, त्याचे नृत्य, त्याचा केकारव असे सारे काही रंगवून लिहिले आणि दहापैकी आठ गुण मिळविले. गुरुजींनी तो निबंध वर्गात वाचूनही दाखविला. आमच्या घरामागच्या बाभळीवर साळुंक्या रोज येत, भांडत, काड्या पळवीत. त्यांच्याविषयी लिहावे असे मला सुचले नाही आणि कोणी सुचविलेही नाही.

ही जुनी गोष्ट आठवण्याचे कारण असे : गेल्या वर्षी एका गावी शाळेच्या विज्ञान मंडळाचे उद्घाटन करावयास गेलो होतो. भाषण झाले, टाळ्या झाल्या. मग ‘प्रश्न विचारा’ असे मुख्याध्यापकांनी म्हटले. कृष्णविवरे, उडत्या तबकड्या, यंत्रमानव असे नेहमीचे प्रश्न झाल्यावर आठवीतील एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, “सर, तुम्ही इतके लेख लिहिलेत. त्यांतला तुमचा स्वतःचा आवडता कोणता? आणि अजून काय लिहायचे राहिले आहे?”

मी हसून म्हणालो, “आईला आपली सगळी मुले सारखीच!” सभागृहात हशा पिकला आणि कार्यक्रम संपला.

परतीच्या एस.टी.त मात्र मला ते उत्तर टोचू लागले. मुलाने मनापासून विचारले होते आणि मी त्याला एक वाक्प्रचार हातात देऊन बसविले होते. आज त्या मुलाला, आणि त्याच्याबरोबर तुम्हा सर्वांना, खरे उत्तर द्यावयाचे आहे. त्यासाठी कपाटातील जुनी कात्रणे काढून पुन्हा वाचली. त्यांतील दोन लेखांविषयी सांगतो. एक सर्वांना आवडलेला, मला न आवडणारा. दुसरा फारसा कोणाच्या लक्षात न राहिलेला, पण माझा आवडता.

सूर्याच्या पोटातील पृथ्व्या

पहिला लेख सूर्यावरचा. त्यातील एक वाक्य वाचकांना फार आवडले होते : ‘सूर्याच्या पोटात १३ लाख पृथ्व्या मावतील!’ पुढे उद्गारचिन्ह होतेच. लेख छापून आल्यावर पुष्कळ पत्रे आली. शाळांच्या फलकांवर ते वाक्य रंगीत खडूने लिहिले गेले.

काही दिवसांनी एका वक्तृत्व स्पर्धेत मी परीक्षक होतो. एका मुलाने तेच वाक्य मोठ्या आवेशाने म्हटले. भाषणानंतर मी त्याला जवळ बोलावून विचारले, “का रे, हा १३ लाखांचा आकडा कसा काढला असेल?” तो गोंधळला. थोडा वेळ थांबून म्हणाला, “सर, तुमच्याच लेखात आहे.”

त्याचे काही चुकले नव्हते. आकडा माझ्याच लेखात होता. पण तो कसा काढला हे मला तरी कोठे ठाऊक होते? एका इंग्रजी पुस्तकातून तो मी जसाच्या तसा उचलला होता. मी मोर न पाहता मोरावर लिहिले, तसेच हेही झाले.

घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे १०९ पट आहे. गोलाचे घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १०९ गुणिले १०९ गुणिले १०९ म्हणजे १२ लाख ९५ हजार २९. चला, आकडा बरोबर निघाला! माझा जीव भांड्यात पडला.

पण फार दिवस तो भांड्यात राहिला नाही. दिवाळीत घरी बुंदीचे लाडू डब्यात भरण्याचे काम माझ्याकडे आले. डबा भरला. तरी पाहतो तो लाडवांच्या मध्ये जागोजाग फटी! डब्याच्या घनफळाला एका लाडवाच्या घनफळाने भागले, तर जितके लाडू मावायला हवेत तितके कधीच मावत नाहीत. गोल वस्तू कितीही नीट रचल्या तरी मध्ये पोकळी राहतेच. मोठ्या जागेत एकसारखे गोल उत्तमात उत्तम पद्धतीने रचले तरी सुमारे ७४ टक्केच जागा व्यापली जाते. योहानेस केप्लर याने हा अंदाज १६११ मध्ये मांडला होता आणि त्याची गणिती सिद्धता थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये पुढे आणली. म्हणजे सूर्य जर पोकळ डबा असता, तर त्यात पृथ्वीएवढे गोळे १३ लाख नव्हेत, फार तर साडेनऊ लाखांच्या आसपास मावले असते. सूर्याचे घनफळ पृथ्वीच्या १३ लाख पट आहे, हे खरे. पण ‘१३ लाख पृथ्व्या मावतील’ हे माझे वाक्य चूक होते.

आता गंमत पाहा. हे वाक्य हजारो मुलांनी वाचले, पाठ केले, फलकावर लिहिले, स्पर्धेत म्हटले. एकालाही चूक दिसली नाही. याचा अर्थ लेख निर्दोष होता असा नाही. तो कोणी तपासलाच नव्हता. आणि त्यात वाचकांचा दोष नव्हता. तपासावयास लागणारी एकही वस्तू मी त्यांच्या हाती दिली नव्हती. मी सूर्य दाखविला, पण लाडवांचा डबा दाखविला नाही.

माठाचा हिशेब

दुसरा लेख माठावरचा. उन्हाळी अंकासाठी घाईने लिहिलेला. त्यात एक साधा हिशेब दिला होता. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना, नेहमीच्या हवेच्या तापमानाला, सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते आणि लागणारी उष्णता माठ व आतले पाणी यांच्यातून घेतली जाते. १० लिटर पाणी १० अंश सेल्सिअसने निववावयाचे तर १ लाख कॅलरी काढून घ्याव्या लागतील. १ लाखाला ५८० ने भागा, उत्तर येते सुमारे १७२ ग्रॅम. येथवर सारे ठीक होते. पण लेखाचा शेवट गोड व्हावा म्हणून मी पुढे लिहिले : ‘म्हणजे केवळ एक पेलाभर पाणी स्वतः उडून जाऊन दिवसभर साऱ्या माठाला थंड ठेवते!’

महिन्याभराने मराठवाड्यातील एका खेड्यातून पत्र आले. वहीचा दुरेघी कागद, निळी शाई. नववीत शिकणाऱ्या मुलीने लिहिले होते : “सर, सा. न. तुमचा लेख वाचून मी आमचा जास्तीचा माठ सात दिवस पाहिला. त्यातले पाणी कोणाला पिऊ दिले नाही. रोज सकाळी गळ्याजवळच्या खुणेपर्यंत पेल्याने मोजून पाणी घालते. रोज पाच पेले घालावे लागते. माझे मोजणे चुकते की तुमचा हिशेब?”

मी काय केले असेल? प्रामाणिकपणे सांगतो : तिचेच चुकले असे गृहीत धरले. उत्तरात विचारले की माठाला तडा तर नाही ना, घरात कोणी नकळत पाणी पीत नाही ना. मोठ्या माणसाचे, त्यातून लेखकाचे, हे असे असते.

तिचे दुसरे पत्र आले. तिने माठ तिवईवर ठेवून खाली परात ठेवली होती. परातीत दिवसभरात जमले ते जेमतेम अर्धा पेला. शेजारी पाण्याने भरलेला, झाकण लावलेला स्टीलचा डबा ठेवला होता. त्यातील पाणी सात दिवसांत बोटाच्या पेराएवढेही उतरले नव्हते. आणि शेवटी तिने लिहिले होते : “पाणी तर पहिल्याच दिवशी थंड झाले. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच पेले कशाला लागतात?”

हा प्रश्न वाचून मी उठलो, बाजारात जाऊन माठ आणला आणि स्वतः मोजू लागलो. खरे तर लेख लिहिण्यापूर्वी करावयाचे काम ते! माझ्याकडे रोज चार पेले जाऊ लागले. मुलगी बरोबर होती.

चूक कोठे होती ते आता तुम्हीच पाहा. माझा हिशेब पाणी एकदाच थंड करण्याचा होता. पण माठ थंड झाला की भोवतालची गरम हवा आणि तापलेल्या भिंती स्वस्थ बसत नाहीत. त्यांच्याकडून माठात सतत उष्णता शिरत राहते. ती बाहेर घालविण्यासाठी वाफ होणेही सतत चालू राहावे लागते. जितकी उष्णता आत येते तितकीच वाफेबरोबर बाहेर जाते, आणि म्हणून पाण्याचे तापमान एका ठिकाणी टिकते. पाणी थंड करावयास पेलाभर पाणी पुरते. थंड राखावयास मात्र रोज चार-पाच पेले मोजावे लागतात! धनगर एकदा कळप गोळा करतो, पण तो एकत्र ठेवण्यासाठी त्याला दिवसभर राबावे लागते, तसेच हे.

त्या मुलीच्या आईला विचारले असते, तर माठ रोज कितीने उतरतो हे तिने न मोजताही सांगितले असते. घराघरांतील बायाबापड्यांना ठाऊक असलेली गोष्ट, मी कागदावर भागाकार करून चुकीची ठरविली होती.

पुढच्या अंकात मी दुरुस्ती दिली, पण दोन ओळींची, कोपऱ्यात, ‘चूकभूल’ या मथळ्याखाली. त्या मुलीचे नाव छापले नाही. जागा नव्हती, असे तेव्हा मी स्वतःला सांगितले. खरे कारण संकोच हे होते. पुढे घर बदलताना तिची पत्रे हरवली आणि आज तिचे नाव मला आठवतही नाही. माझ्या आवडत्या लेखाबरोबर ही खंत कायमची चिकटलेली आहे.

तरीही माझा आवडता लेख तोच. त्यातील चूक सापडली म्हणून आवडता. ती चूक एका नववीतील मुलीला पेला आणि माठ एवढ्या साहित्याने सापडू शकली, कारण लेखात तपासता येण्याजोगे एक वाक्य होते. चुकीचे का होईना, पण होते!

एक लेखिका आणि एक प्रवासी

दुसऱ्यांच्या लिखाणातील मला काय आवडते, याचेही उत्तर याच दिशेने जाते.

लंडनमध्ये जेन मार्सेट नावाच्या एक बाई होत्या. हंफ्री डेव्ही यांची रसायनशास्त्रावरील व्याख्याने त्या ऐकत. पण पहिल्या ऐकण्यात त्यांना फारसे उमजत नसे. पुढे एका स्नेह्याबरोबर चर्चा केली, स्वतः प्रयोग करून पाहिले, तेव्हा कोठे गाठी सुटू लागल्या. तेव्हा आपल्यासारख्यांसाठी त्यांनी संवादरूपाने एक पुस्तक लिहिले. एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी बोलत आहेत, शंका काढीत आहेत, प्रयोग करीत आहेत, असे ते पुस्तक १८०६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या आवृत्त्यांवर लेखिकेचे नावही नव्हते.

ते पुस्तक एका पुस्तकबांधणीच्या दुकानातील उमेदवाराच्या हाती पडले. लोहाराचा मुलगा, शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरते. पुस्तके बांधता बांधता तो ती वाचीत असे. पण वाचले आणि मान डोलावली, असे त्याने केले नाही. खिशाला परवडतील असे लहानसहान प्रयोग करून पुस्तकातील विधाने तो पडताळून पाहू लागला. ती खरी ठरत गेली, तसा त्याचा पुस्तकावर आणि स्वतःवरही विश्वास बसत गेला. हा मुलगा म्हणजे मायकेल फॅरेडे. विजेची जनित्रे आज ज्या तत्त्वावर चालतात, ते विद्युत्चुंबकीय प्रवर्तन त्याने १८३१ मध्ये शोधून काढले. मोठा शास्त्रज्ञ झाल्यावरही मार्सेटबाईंना तो विसरला नाही. आपले निबंध तो कृतज्ञतेने त्यांच्याकडे पाठवीत असे.

या हकीकतीत लोक फॅरेडेची चिकाटी पाहतात. मी लेखक असल्यामुळे मला मार्सेटबाई दिसतात. गरीब मुलाला स्वस्तात तपासता येईल असे पुस्तक लिहिणे ही लहान गोष्ट नव्हे.

आता दुसरे उदाहरण. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन बोटीने इंग्लंडहून भारतात परत येत होते. भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून ते थक्क झाले. खोल समुद्राची निळाई म्हणजे आकाशाच्या निळ्या रंगाचे प्रतिबिंब, असे थोर शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचे मत होते. रामन यांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांच्याजवळ निकोलचा लोलक होता. विशिष्ट कोनातून पाहिले असता पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश त्याने अडविता येतो. बोटीच्या कठड्याशी उभे राहून त्यांनी लोलकातून समुद्र पाहिला. आकाशाचे प्रतिबिंब पुसले गेले, तरी समुद्र निळाच राहिला; उलट निळाई अधिकच खुलली! तेव्हा हा रंग पाण्याच्या आतूनच येत असला पाहिजे, असे त्यांनी ताडले. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा त्याविषयीचे त्यांचे टिपण तयार होते. पाण्यातून प्रकाश कसा विखुरतो याचा त्यांनी जो ध्यास घेतला, त्यातूनच पुढे २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध आला. तो दिवस आपण १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा करतो.

खेड्यातील ती मुलगी रामन नव्हती आणि मी तर रॅले मुळीच नव्हे. पण तिची कृती आणि रामन यांची कृती यांत जातीचा फरक मला दिसत नाही. दोघांनीही छापील वाक्य वाचले, जवळचे साधन उचलले आणि स्वतः पाहिले.

पण आश्चर्याचे काय?

माझे एक शिक्षक-मित्र आहेत. त्यांना हे सारे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “अहो, माठ आणि लाडू घेऊन बसलात तर मुले मासिक उघडतील का? त्यांना आकाशगंगा हव्यात, महाकाय सरडे हवेत. आणि परीक्षेत माठाच्या पेल्यांना गुण कोण देणार?”

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आश्चर्य हा विज्ञानाचा दरवाजा आहे. मी स्वतः लहानपणी तारे आणि ग्रह यांच्या गोष्टी वाचूनच या वाटेला लागलो. शिवाय प्रत्येक गोष्ट घरी पडताळता येत नाही. अणूचे केंद्रक पाहावयास कोणी परात आणि पेला घेऊन बसणार नाही. बऱ्याच बाबतींत आपल्याला दुसऱ्यांच्या मोजमापांवर विसंबावे लागते आणि त्यात कमीपणा नाही.

पण दुसऱ्यांच्या मोजमापांवर डोळसपणे विसंबावयाचे, तर मोजणे म्हणजे काय हे एकदा तरी स्वतः अनुभवलेले असावे. ज्याने माठ मोजला आहे, त्याला ‘हे कसे मोजले?’ असा प्रश्न आकाशगंगेबद्दलही पडतो. ज्याने काहीच मोजले नाही, त्याच्या लेखी १३ लाख पृथ्व्या आणि पुष्पक विमान यांत फरक राहात नाही. दोन्ही गोष्टी त्याने कोणाच्या तरी शब्दावर मान्य केलेल्या असतात. तिसऱ्याने येऊन तितक्याच ठासून काही खोटे सांगितले, तर ते तो कोणत्या बळावर नाकारणार?

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे : लेख कोणत्याही विषयावर असो, त्यात वाचकाला घरच्या घरी तपासता येईल असे निदान एक वाक्य असावे. आणि मोठा आकडा दिला, तर तो कसा निघाला याची वाटही दाखवावी.

लिहावयाचे राहिले आहे ते

प्रश्नाचा दुसरा भाग : अजून काय लिहावयाचे आहे? तीन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे सूर्याचा लेख पुन्हा लिहावयाचा आहे. त्याचे नाव ‘कवडसा’. १६ फेब्रुवारी १९८० रोजी सूर्यग्रहण होते. महाराष्ट्रात ते खंडग्रास दिसले. मी तेव्हा लहान होतो. ग्रहण पाहिले तर डोळे जातील म्हणून दारे-खिडक्या लावून आम्हा मुलांना घरात बसविले होते. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहू नये हे तर खरेच, ग्रहण असो वा नसो. पण कौलांच्या फटीतून सारवलेल्या जमिनीवर रोज पडणारा गोल कवडसा त्या दुपारी कोरीसारखा झालेला मी पाहिला. बाहेरचे ग्रहण कौलातून घरात आले होते! मी ते कोणाला सांगितले नाही आणि कोणाला विचारलेही नाही.

तो कवडसा म्हणजे सूर्याचे चित्र असते, हे मला फार वर्षांनी कळले. पुठ्ठ्याला दाभणाने बारीक छिद्र पाडा आणि त्यातून येणारा प्रकाश दोन मीटर अंतरावर कागदावर घ्या. सुमारे साडेअठरा मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ मिळेल. २,००० मिलिमीटरला साडेअठराने भागले की येतात १०८. सूर्य आपल्यापासून त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट दूर आहे, हे तुम्ही पुठ्ठा आणि पट्टी यांनी मोजलेत! ते अंतर १५ कोटी किलोमीटर घेतले, तर व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर येतो. पृथ्वीच्या व्यासाशी त्याची तुलना करा, म्हणजे १०९ मिळतील. ‘पण हे १५ कोटी कोणी मोजले?’ असे तुम्ही विचारलेत, तर माझा लेख यशस्वी झाला. एक मात्र पाळा. छिद्रातून सूर्याकडे कधीही पाहावयाचे नाही. सूर्याकडे पाठ करावयाची आणि नजर कागदावर ठेवावयाची.

दुसरे म्हणजे वाट पाहण्यावर लिहावयाचे आहे. आमच्या लेखांत शास्त्रज्ञ सकाळी उठतो आणि दुपारपर्यंत शोध लावतो. मधले कंटाळवाणे, फसलेले दिवस आम्ही गाळून टाकतो. १९३० साली सलीम अली यांना नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीमला राहात असताना त्यांना सुगरणींची एक वसाहत आढळली. त्या पावसाळ्यात शिडीवर आडोसा करून, त्यात बसून, त्यांनी घरट्यांवर पाळत ठेवली. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते पाहते, पसंत पडले तर त्यात राहते. मग नर ते पुरे करून देतो आणि दुसऱ्या घरट्याला लागतो, असा सारा संसार त्यांनी नोंदविला. सुगरणीचे घरटे तोवर लाखो लोकांनी पाहिले होते. पण घरट्यासमोर इतक्या चिकाटीने बसून राहणारे विरळाच. त्या बसून राहण्यावर मला लिहावयाचे आहे, आणि ते लिहिण्यापूर्वी मला स्वतःला एका पावसाळ्यात कोठेतरी बसावयाचे आहे. मोरावरच्या निबंधाचे प्रायश्चित्त म्हणून साळुंक्यांसमोर बसेन म्हणतो!

तिसरी गोष्ट भाषेची. ‘बाष्पीभवन’ ही संज्ञा तुम्हाला ठाऊक असते. व्याख्याही पाठ असते. पण ओला पंचा वाळणे, सारवण सुकणे, घाम आल्यावर वाऱ्याने बरे वाटणे आणि माठातले पाणी निवणे या चारही गोष्टी म्हणजे तेच बाष्पीभवन, हे कितीजणांच्या मनात आपोआप येते? संज्ञा टाकून द्याव्यात असे मी म्हणत नाही. चार वेगवेगळ्या गोष्टींना एका दाव्याने बांधणारा शब्द मोलाचा असतो. पण आधी गाई असाव्यात, मग दावे. झिरपणे, पाझरणे, निवणे, वाळणे, सुकणे, आटणे : आपल्या भाषेत किती बारीक फरक सांगणारे शब्द आहेत! त्यांच्यापासून निघून संज्ञेपर्यंत पोहोचणारा लेख मला लिहावयाचा आहे. अजून तो नीट साधलेला नाही.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती आहे. ‘माझा आवडता पक्षी’ हा निबंध जरूर द्या. पण त्याखाली एक ओळ लिहा : ‘जो तुम्ही स्वतः आठ दिवस पाहिला आहे.’ मोरांची संख्या कमी होईल, साळुंक्यांची आणि चिमण्यांची वाढेल. गुण देताना थोडे अडखळावे लागेल, कारण पुस्तकात नसलेल्या गोष्टी वाचावयास मिळतील.

आणि मित्रांनो, तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. या लेखातही तपासता येण्याजोगी वाक्ये आहेत : माठाचे चार-पाच पेले, दोन मीटरांवरचे साडेअठरा मिलिमीटर, डब्यातील लाडू. माझ्या शब्दावर विसंबू नका. कोकणातल्या दमट हवेत माठ किती पेले मागतो आणि विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात किती, ते मोजून मला कळवा. आकडे माझ्याशी जुळले नाहीत तर अधिक आवर्जून कळवा.

या वेळी दुरुस्ती कोपऱ्यात जाणार नाही. ती पानाच्या माथ्यावर छापा, असे संपादकांना मी आधीच सांगून ठेवले आहे. आणि खाली मोजणाऱ्याचे नाव असेल.